पोटरीपासून मेंदूपर्यंत

(सांबरा. सकाळ. रवळू आणि त्याची मुलगी रूपाली. ती बेळगावात बी.एस्सी.ला आहे.)

रूपाली : आधी पोटरी दाखवा, आप्पा.

रवळू : काय बघतीस? जखम सुकली. चुना-हळद लावलो, पलीकडच्या गावात जाऊन कुत्रं चावल्यावर देतात ती मुळीबी खाऊन आलो. झालं.

रूपाली : शनिवारी चावलं आणि मला आज कळतंय, तेबी आक्काकडनं. कुत्रं मेलं म्हणे काल.

रवळू : म्हातारं हुतं.

रूपाली : म्हातारं कुत्रं वासरांच्या अंगावर जातंय? लाळ गळत हुती म्हणे त्याची.

रवळू : आमच्या चुलत्याला बेंबीभवती सुया दिलते. वाकून चालायचा. मला न्हाय जमायचं ते.

रूपाली : ते गेलं आता. दंडाला देतात. हे बघा.

रवळू : परत मोबाईल. लिंबू पिळलं की कॅन्सर जातो, असंबी येतंय त्यात. शेजारच्या युवराजनंच पाठवलतं.

रूपाली : ते फॉरवर्ड. ही कॉलेजातल्या मॅडमनी सांगितलेली साईट हाय. एकेका व्हायरसला वेगळं पान. दिसतो कसा, शिरतो कुठनं, आत जाऊन आपल्यासारखे आणखी कसे तयार करतो. कुणी शोधलं, कुठं छापलं, तेबी खाली लिहिलेलं असतं. चुकलं तर दुरुस्त करतात.

रवळू : सगळं इंग्लिश हाय की.

रूपाली : व्हय. मराठी शाळेतनं गेलते मी. पहिल्या वर्षी एकेक पान समजायला आठवडा जायचा, रडू यायचं. आता वाचून सांगते, ऐका. ह्या चित्रात बघा, ही नस. चावलं की हा व्हायरस रक्तात पळत न्हाय. मांसात वाढतो, मग नशीत शिरतो आणि तिथनं वर मेंदूकडं चालत जातो.

रवळू : चालत?

रूपाली : हळूहळू. कुणाला आठवडे लागतात, कुणाला महिने. वरनं जखम सुकती, आत त्याचं चालणं थांबत न्हाय.

रवळू : आणि पोचला तर?

रूपाली : पोचल्यावर औषध न्हाय, आप्पा. लई पानं शोधली मी. कुठंच न्हाय.

रवळू : मग आता दवाखान्यात जाऊन काय उपेग?

रूपाली : अजून तो पोचला न्हाय म्हणूनच जायचं. त्याच्याशी लढायला लस अंगाला शिकवती. जखमेच्या कडेनंबी सुई देतील. दुखंल. खोटं सांगणार न्हाय मी.

रवळू : उद्या जाऊया. आज उसाला पाणी हाय.

रूपाली : आजच. कॉलेजात सांगून आल्ये. सगळ्या सुया होईपर्यंत मीच नेणार तुम्हाला. न्हाय म्हटलासा तर इथंच उंबऱ्यात बसणार.

रवळू : ...नुसता ओरखडा आसला तर?

रूपाली : रक्त आलं न्हाय तरी तेबी चावल्यातच धरतात. का हो?

रवळू : वाटेत मालुबाईच्या दारात गाडी थांबव. कुत्रं हाकलताना तिच्या हाताला त्याचं नख लागलंय.

रूपाली : आणि ती कुणाला बोलली न्हाय?

रवळू : न्हाय. तिलाबी हे चित्र दाखव. नुसत्या माझ्या सांगण्यावर यायची न्हाय ती.