गिअरबॉक्सचं कुंकू

पर्समध्ये कुंकवाची डबी ठेवते म्हणून तुम्ही मला हसता ना, मग हे ऐका. आमच्या जुन्या एसयूव्हीचा तिसरा गिअर चढाला निसटायचा. दुसऱ्या दिवशी गडहिंग्लजहून लेकीला पहिल्या बाळंतपणासाठी आणायचं होतं, म्हणून यांनी उचगावच्या मिस्त्रींकडं दुसरा गिअरबॉक्स बसवायला सांगितला. बसवायच्या आधी मी त्याला खालच्या अंगाला ठसठशीत कुंकू लावलं.

मिस्त्री म्हणाले, "वैनी, गिअर ऑइलनं पडत्यात, कुंकवानं न्हाय."

हेही त्यांच्याबरोबर हसले.

दुपारी नवं ऑइल भरून गाडी हातात आली आणि पहिल्याच चढाला तिसरा गिअर पुन्हा निसटला. तशीच गाडी मागं नेली, तर मिस्त्री ऐकेनात.

"बदललाय की. ह्या हातांनी बसवलाय."

मी पदर खोचला आणि मोबाईलच्या उजेडात गाडीखाली वाकून पाहिलं.

"मिस्त्री, मग माझं कुंकू कुठं हाय?"

मी उजेड कोपऱ्याकडं फिरवला. माझं कुंकू कोपऱ्यात, भंगारात निघालेल्या गिअरबॉक्सवर होतं. मिस्त्रींनी जुनाही धुऊन पुसून शेजारीच ठेवला होता, आणि तोच परत चढवला होता.

संध्याकाळपर्यंत खरा बसला. दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन आलो, गिअर एकदाही निसटला नाही.

परवा ऑइल बदलायला गेलो, तर मिस्त्रींच्या पान्यांशेजारी कुंकवाची डबी.

मी बघतेय म्हटल्यावर म्हणाले, "बसवायच्या मालाला आधी लावतो, वैनी. भंगाराला न्हाय."