चार ओळींची जागा

हॅलो?

हो ताई, मीच. बोल… नाही गं, झोपले नव्हते. आवाज असाच आहे… सर्दी नाही, काही नाही.

हं… हं… तुझ्या सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं, माहितीये मला. चार वेळा सांगितलंस… कार्ड ना? कार्ड देते की. पाकळ्या कापून झाल्यात, नुसत्या चिकटवायच्यात. पण आतला मजकूर तू लिही… तू म्हणजे तूच! तुझ्या हातानं.

काय म्हणालीस? "तुझ्या मनानं घाल काहीतरी छानसं"?

नाही. नाही म्हणजे नाही. ताई, हात जोडते तुझ्यापुढे, माझ्या मनाचं नाव काढू नकोस. माझ्या मनानं जे घातलं ना, त्यानं एका घराचं वाटोळं झालंय… नाटकं नाहीत गं! कसली नाटकं? मी आता कुणाच्या कार्डात एक अक्षर लिहिणार नाही. फुलं कापीन, खळ लावीन, बास.

हो, रडतेय. मग? रडू नको तर काय करू?

ऐक ना… ऐकशील का? आणि मध्ये बोलू नकोस. पावणेचार होत आले, चारला ती यायचीय.

ती म्हणजे चष्मेवाल्या काकांची मुलगी… अगं, चष्मेवाले काका! तुझा वाचायचा चष्मा त्यांच्याकडचाच ना? दांडी सैल म्हणून दोनदा परत घेऊन गेलीस आणि दोन्ही वेळा चहा पिऊन आलीस… हां, तेच. गेले ते. तीन आठवडे झाले… नाही, फार आजारी नव्हते. दुपारी दुकान बंद करून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

हो गं, चांगलेच होते. तेच तर.

तर ते दरवर्षी मुलीच्या वाढदिवसाला माझ्याकडनं कार्ड करून घ्यायचे. सात वर्षं. मुलगी लांब असते, येणं-जाणं नाही, बोलणं नाही… ते सांगते, थांब. मजकूर स्वतः लिहून आणायचे. दुकानातले नंबर लिहायचे छापील कागद असतात ना, त्याच्या पाठीमागे. जाड पेनानं, हीऽऽ एवढाली अक्षरं, डोंगर-दऱ्यांसारखी वरखाली… का म्हणजे? जवळचं दिसेनासं झालं होतं त्यांना. "सगळ्या गल्लीला डोळे दिले आणि माझेच गेले" म्हणायचे, आणि वर स्वतःच हसायचे.

आता माझ्या कार्डात जागा किती असते, तुला ठाऊक आहे. डावीकडे कागदाचं फूल, त्याची पानं उजवीकडे उतरतात. उरतात चार ओळी. पाचवी घातली की सगळं घिचमीड. आणि लोक काय गं, वाट्टेल ते लिहून आणतात! एकानं जावयाच्या कार्डात "गाडी हळू चालव, हप्ते तू भरत नाहीस" लिहायला सांगितलं होतं… हसू नकोस, खरंच. मग मी छाटायला लागले. दोन ओळी त्यांच्या, दोन माझ्या. आणि लोक खूश! "काय सुंदर लिहिता हो तुम्ही!" चढलं ना माझ्या डोक्यात. चढणारच. घरात कोण म्हणतंय मला सुंदर?

हो… हो, सांगतेय ना.

काकांच्या कागदावर वर दोन ओळी असायच्या. "बाळ, वाढदिवसाचे आशीर्वाद. तब्येतीला जप." आणि खाली… खाली बरंच असायचं. पहिल्या वर्षी मी सगळं वाचलं, ताई. खोटं कशाला बोलू? लिहिलं होतं, "मी तुझी बॅग जिन्यात फेकली, ते माझं चुकलं. तू तुझ्या पसंतीच्या मुलाशी लग्न केलंस, काही वाईट केलं नाहीस. एकदा घरी ये. खोली आहे तशीच आहे."

…

 

मग काय! मला वाटलं, शुभ दिवशी हे रडगाणं कशाला? वाढदिवसाच्या कार्डात बॅगा आणि जिने कुणी लिहितं का? म्हाताऱ्या माणसाला कळत नाही, आपण जरा सावरून घेऊ. मी ते सगळं गाळलं आणि खाली लिहिलं, "फुलासारखं हसत राहा, सुगंध पसरवत राहा." फुलाला शोभतं ना! आजूबाजूला सोनेरी वेलबुट्टी काढली. छान दिसत होतं गं… फार छान दिसत होतं.

नाही, त्यांना कुठनं कळणार? दिसत नव्हतं म्हटलं ना. कार्ड हातात घ्यायचे, फुलावरनं बोट फिरवायचे, अगदी हळू. आणि विचारायचे, "सगळं लिहिलंत ना, बाई?" आणि मी… मी म्हणायचे, "अगदी जसंच्या तसं, काका."

सात वेळा म्हटलंय ताई, एकदा नाही. सात वेळा! त्यांच्या तोंडावर!

मग पाकिटावर पत्ता मी घालायचे आणि ते माझ्यासमोर बंद करायचे. कडेला जीभ लावून. आणि स्वतः जाऊन टाकून यायचे, काठी टेकत.

चांगल्यासाठीच केलं… हो, मीही सकाळपासून स्वतःला तेच सांगतेय. नाही पटत. चांगल्यासाठी नाही केलं, चांगलं दिसण्यासाठी केलं.

आज सकाळी आली ती. घर आवरायला आलीय. बोळाच्या तोंडाशी विचारत विचारत आली, हातात पिशवी. पिशवीत सातही कार्डं. जपून ठेवलीन तिनं. टेबलावर ओळीनं मांडली माझ्यापुढे, पत्ते मांडावेत तशी. म्हणाली, "ही तुमच्याकडची ना? बाबांनी कधी तोंडातून फूल हा शब्द काढला नाही हो. मला वाटलं, तयार मजकुराचं कार्ड घेतात आणि वर दोन ओळी घालून पाठवतात. दरवर्षी उघडायचे, वाटायचं यंदा तरी काही म्हणतील. एक शब्द म्हणाले असते तर धावत आले असते मी."

एक शब्द, ताई.

आणि माझ्याकडे तारेला खोचलेले शंभर होते.

हो गं, ठेवते मी सगळ्यांचे कागद. ती भांडखोर बाई "मी असं लिहायला सांगितलंच नव्हतं" म्हणून अंगावर आली होती ना, तेव्हापासून. बाहेर पाटीवरच लिहिलंय तसं. तिनं पाटी वाचली आणि विचारलं, "बाबांच्या हातचे कागद असतील का? त्यांचं अक्षरसुद्धा नाही माझ्याकडे." म्हटलं, शोधावे लागतील, चारला या.

काय?… उंदरांनी खाल्ले सांगू? कुठले उंदीर? इथे खळ लागून कागदसुद्धा टणक होतात, उंदीर काय खाणार!

मला कळतंय तू माझ्यासाठी बोलतेस. मीही काडेपेटी काढली होती, खोटं नाही बोलत. मोरीशी जाऊन उभी राहिले… हो, खरंच. मनात म्हटलं, गेलेला माणूस गेला, आता हिला तरी कशाला जाळायचं? न कळलेलं बरं. नंतर म्हटलं, कुणाला बरं? हिला की मला?

आणि मग जाळण्याआधी म्हणून एकदा वाचायला घेतले.

ताई… तुला सांगू? दुसऱ्या-तिसऱ्या वर्षानंतर मी खालचं वाचायचंच सोडून दिलं होतं. वरच्या दोन ओळी उचलायच्या, खाली माझं फूल चिकटवायचं. सवय झाली होती. आज सगळे ओळीनं वाचले. चौथ्या वर्षी लिहिलंय, "खिडकीला नवीन पडदे लावलेत, तुला निळा आवडतो म्हणून." पाचव्या वर्षी, "तू येणार नसशील तर मी येऊ का? फक्त दारात उभा राहीन." सहाव्या वर्षी पेन संपत आलेलं, अर्धं लागतच नाही.

थांब, पाणी पिते…

हां.

आठवा पण आहे. यंदाचा. जायच्या चार दिवस आधी देऊन गेले. कार्ड इथेच पडलंय, अर्धवट, फूल लागलंय त्याला… हो, वाचते. वाचते ना. "बाळ, वाढदिवसाचे आशीर्वाद. तब्येतीला जप." आणि खाली… "सात वर्षं सगळं लिहिलं. तू वाचलंस. उत्तर द्यायचं नाही हे तू ठरवलंस, ते मला मान्य आहे. आता विचारणार नाही. रागावलो नाही."

…

तू वाचलंस, म्हणतायत ते.

नाही गं, नको समजूत घालूस. काय समजूत घालणार आहेस? तो माणूस हे डोक्यात घेऊन झोपला. हिनं वाचलं आणि पाठ फिरवली, असं समजून. आणि ही तिकडे, बापाला माझ्याशी बोलायचंच नाही, असं समजून. आणि मधे मी! सोनेरी वेलबुट्टी काढत!

…माफी? मागीन की. माफी मागून काय होतंय? तिला म्हणू, जागा नव्हती हो? कागदाला कागद जोडला असता तर जागाच जागा होती. नुसतं पानं थोडी आखूड कापली असती.

तिनं थोबाडीत मारली तर घेईन. पाटी उचलून फेकली तर फेकू दे. ते सगळं परवडलं. ती नुसती बसून राहिली तर काय करू, ते सांग मला.

…हो. ऐकतेय.

…थांब. जिन्यात पावलं वाजतायत.

अगं, तीच. दहा मिनिटं आधीच आली. ताई, ठेवू नकोस, अशीच राहा लाइनवर. काही बोलू नकोस, फक्त राहा.

या… या ना. बसा इथे. नाही, त्या स्टुलाला खळ लागलीय, इकडे बसा… हो, सापडले. सगळे आहेत. सात नाही, आठ… हो, आठ. एक यंदाचा आहे.

नाही, मी नाही वाचून दाखवत. माझ्या तोंडून नको. तुम्हीच वाचा.

आणि हे बघा… वरच्या दोन ओळी तुम्हाला पोचल्यात. खालच्या मी पोचू दिल्या नाहीत. मी. त्यांनी दरवर्षी लिहिल्या होत्या.

…

ताई, ठेव आता. ती वाचतेय.