ओव्हनच्या दारावर

सिल्वी : ...फ्रिज सोडलात, वॉशिंग मशीन सोडलंत, नवाकोरा मायक्रोवेव्ह चर्चला देऊन टाकलात. मग बाबा, या एका ओव्हनवाल्या गॅसच्या शेगडीवरच का अडून बसलात?

आर्वो : अडलोय कुठे. ट्रकमध्ये जागा आहे, म्हणून म्हटलं.

सिल्वी : जागेचा प्रश्न नाही हो. तिकडे वाळवंटात, टुसॉनला माझ्या घरात गॅसच नाही, सगळं विजेवर. मिशिगनच्या या टोकापासून तिथपर्यंत हे धूड ओढत न्यायचं, आणि मग काय, ओव्हनमध्ये निवडुंग लावायचे?

आर्वो : लाव की.

सिल्वी : बघा, हे असं बोलता. खरं सांगा, तुम्हाला माझ्याकडे यायचंच नाहीये ना?

आर्वो : येतो म्हटलंय.

सिल्वी : आई गेल्यापासून म्हणताय. आधी सौनाचं, त्या वाफेच्या न्हाणीघराचं धुराडं दुरुस्त करायचं होतं. मग छपरावरचं बर्फ उतरू दे म्हणालात. आता ही शेगडी.

आर्वो : दारात कोण आहे बघ.

सिल्वी : शेजारच्या इर्यामावशी. या मावशी, आत या.

इर्या : थांब गं, बूट काढते. बर्फाचा नुसता चिखल झालाय बाहेर. हा घ्या, वेलचीचा पाव. गरम आहे तोवर खा. आणि तोंडं का अशी पाडून बसलात बापलेक?

सिल्वी : तुम्हीच समजवा यांना. ही शेगडी बरोबर न्यायची म्हणतात.

इर्या : मग नेणारच की तो.

सिल्वी : म्हणजे तुम्हीपण त्यांच्याच बाजूने?

इर्या : आर्वो, तू हिला अजून सांगितलं नाहीस?

आर्वो : हिच्या आईला, हेल्मीला ते आवडायचं नाही.

इर्या : हेल्मी गेली बिचारी. आता मी सांगते, मी वर गेले की ती काय भांडायचं ते भांडेल. हे बघ सिल्वी, तू चांगली दोन महिने आधीच जन्माला आलीस. बाहेर वादळ, रस्ता बंद, वीज गेलेली. इस्पितळापर्यंत कोण पोचणार? तू इतकीशी, आणि ओठ निळे पडलेले. आईने उराशी धरलं तरी ऊब पुरेना. घरात चालू काय, तर ही शेगडी, घरामागच्या गॅसच्या टाकीवर चालणारी. मग तुझ्या बापाने बुटांचं खोकं आणलं, मी त्यात लोकर पसरली, ओव्हन पेटवून त्याचं दार खाली आडवं पाडलं आणि तुला खोक्यासकट त्यावर ठेवलं.

सिल्वी : मला? ओव्हनमध्ये?

इर्या : आत नव्हे गं, दारावर. हेल्मीला तीच धास्ती, लोक म्हणतील पोरीला भाजायला ठेवलं होतं. म्हणून तिने कुणाला तोंड उघडू दिलं नाही.

सिल्वी : बाबा?

आर्वो : खोकं माझ्या खाणीतल्या बुटांचं होतं.

इर्या : आणि हा खोक्यात हात घालून बसला. मी म्हटलं, जरा पड, मी बघते. तर म्हणे, जास्त तापलं तर आधी माझ्या हाताला कळू दे. रस्ता मोकळा होईपर्यंत हलला नाही. जेवलासुद्धा डाव्या हाताने.

आर्वो : तू भरवलंस.

इर्या : बरं, भरवलं.

सिल्वी : ...नेऊ या बाबा. मी तिकडे गॅसची काहीतरी सोय करून घेते.

आर्वो : नको.

सिल्वी : आता का नको?

आर्वो : इर्या, हा पाव एका बाजूने करपलाय.

इर्या : माझा ओव्हन म्हातारा झालाय, माझ्यासारखाच.

आर्वो : मग ही शेगडी तू घे.

इर्या : अरे, पण आर्वो...

आर्वो : तुझ्याकडे ती रोज पेटेल. तिकडे नुसती अंगणात उभी राहायची.

इर्या : जावयाला पाठवते, ढकलगाडी घेऊन.

आर्वो : पाठव. उद्या सकाळीच पाठव. परवा आम्ही निघतो.

सिल्वी : परवा? नक्की?

आर्वो : हो म्हटलं ना.

सिल्वी : बाबा, एक सांगा. त्या खोक्यात किती गरम होतं?

आर्वो : हात दे तुझा.

(तो तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरतो.)

सिल्वी : एवढं?

आर्वो : याहून थोडं जास्त. तेव्हा माझे हात गरम असायचे.