सौ. वज्रमुष्टींचा तर्क

हां! टाळ जरा खाली ठेवा. पेटीवाले, सूर सोडू नका, पण हळू — आता गाणं नाही, गोष्ट आहे!

मंडळी, आधी एक प्रश्न. ओळखीच्या माणसाशी आपण सगळेच बरे वागतो. साहेब आले — या, या, बसा! व्याही आले — अहो, चहा टाका! पण ज्याचं नाव माहीत नाही, तोंड माहीत नाही, गाव माहीत नाही, त्याच्याशी आपण कसे वागतो? आणि आपलंही नाव त्याला कधीच कळणार नसेल — मग कसे वागतो? ... का? एकदम शांतता झाली!

पूर्वी ही परीक्षा घ्यायला देव वेष पालटून दारात यायचा. आता दाराला कॅमेरा! खाली वॉचमन! देवाला आधी सांगावं लागतं, कितव्या मजल्यावर जायचंय आणि कुणाकडे. कंटाळला बिचारा. म्हणून हल्ली तो परीक्षा दुसरीकडे घेतो. कुठे? तुमच्या खिशात आहे बघा — आत्ताच एकाचा वाजला! बंद करा तो, आणि ऐका.

मिरजेची गोष्ट आहे. इथली नाही, निवांत बसा. मिरजेत हेमाकांत आठल्ये नावाचे गृहस्थ. तंत्रनिकेतनात शिकवायचे. वय पंचेचाळीसच्या आसपास, पोट थोडं पुढे, चष्मा थोडा खाली. बायकोचं नाव वृंदा. मुलगी शिकायला बाहेरगावी. घरात दोघंच. आणि या दोघांना एक वेड! कसलं? सोन्याचं? नाही. क्रिकेटचं? नाही. पुस्तकाचं!

'शिळादुर्ग' नावाची एक कादंबरीमालिका होती. राजे, राक्षस, मंतरलेल्या तलवारी, उडणारे घोडे! उशाला घेतला तर मान धरेल असा एकेक खंड. तीन खंड आले होते, चौथा यायचा होता. आणि तिसरा खंड संपतो कुठे? एका दगडी दारापाशी! आत सिंहासन, बाहेर पाच राजपुत्रांच्या फौजा. दार उघडत नाही. मंत्र म्हणून झाले, रक्त शिंपडून झालं, कुऱ्हाडी घालून झाल्या. दार ढिम्म! आणि तिथेच खंड समाप्त!

आता वाचणाऱ्यानं काय करायचं? भाजी निवडायची? तुम्ही-आम्ही निवडली असती. पण या पुस्तकाचे भक्त निराळे. त्यांनी पहिल्या खंडानंतरच इंटरनेटवर एक सभा काढली होती — 'शिळादुर्ग सभा'. तिथे जायचं, टोपणनाव घ्यायचं आणि तर्क मांडायचा. दार कसं उघडेल? खरा वारस कोण? राणीच्या अंगठीतला खडा हिरवा का? एकेक तर्क दोन-दोन पानी! गीतेवर कुणी एवढा विचार केला असता तर मला इथे घसा कोरडा करावा लागला नसता!

आणि प्रत्येक तर्काखाली दोन बाण. आवडला, वरचा बाण दाबा. नाही आवडला, खालचा. कुणी दाबला ते कुणालाही कळत नाही. गुप्त! आता सांगा, गुप्त म्हटल्यावर बोट कुठे जातं? — मला विचारू नका, माझ्या कीर्तनाचा व्हिडिओ आहे यूट्यूबवर, त्याला खाली अंगठा दाखवणारे कोण आहेत ते मला कळत नाही. पण आज पुढच्या दोन रांगांत थोडी चुळबुळ दिसतेय!

खालचे बाण फार झाले की तर्क 'खंदकात' पडायचा. हा त्यांचाच शब्द. म्हणजे पानावर दिसेनासा व्हायचा. मुद्दाम शोधून उघडला तरच दिसणार. आणि एक नियम होता बरं का — आपल्या स्वतःच्या तर्काला बाण देता येत नाही. कितीही बोट दाबा, उमटणारच नाही! आणि दुसरी एक रीत फार नामी. नवा खंड यायच्या आधी महिनाभर सभेत 'पडदा' पडायचा. तर्क मांडायचे, पण नावाशिवाय! टोपणनावसुद्धा दिसणार नाही. खंड बाजारात आला की पडदा उठणार आणि कुठला तर्क कुणाचा ते दिसणार. हेतू काय? तर, मोठ्या नावाला भुलून कुणी मत देऊ नये. हेतू किती सुंदर! आपले सगळ्यांचे हेतू सुंदरच असतात.

या सभेत आपले हेमाकांतराव म्हणजे मोठं प्रस्थ! टोपणनाव — वज्रमुष्टी. घरात लोणच्याची बरणी उघडत नाही, सभेत वज्रमुष्टी! दुसऱ्या खंडात सेनापतीच्या अंगरख्याचं एक बटण तुटलेलं होतं. त्यावरून या गृहस्थानं ओळखलं की हा राणीचा सावत्र भाऊ! आणि तिसऱ्या खंडात तसंच निघालं! झालं! तेव्हापासून सभेत त्यांचा शब्द शेवटचा.

आणि वृंदाताई? मंडळी, पहिला खंड दोघांनी मिळून वाचला होता. एक पान ती मोठ्यानं वाचायची, एक पान हा. मध्येच ती थांबायची — "अहो, मला वाटतं हा सेनापती खोटं बोलतोय, नाही का?" आणि हा उठून बसायचा — "वा! वा वृंदा, हे कसं सुचलं तुला?" तो 'वा' तिला दिवसभर पुरायचा. मग सभा निघाली. आणि तो 'वा' मोबाइलमध्ये गेला! ती काही बोलली की इकडून काय? "हं." मान वर नाही, डोळे वर नाहीत. "हं." हसू नका बायांनो, मला माहीत आहे हा 'हं' कुठल्या-कुठल्या घरात आहे ते.

तिचंही नाव सभेत होतं बरं! त्यानंच घातलं होतं. कशाला? आपल्या तर्काला घरचं एक मत हक्काचं असावं म्हणून! तिचं टोपणनावही त्यानंच ठेवलं — 'सौ. वज्रमुष्टी'. ठेवलं आणि विसरून गेला.

पडद्याचा महिना सुरू झाला. आणि एके दुपारी, जेवणं आवरल्यावर, वृंदाताईंनी आयुष्यातला पहिला तर्क लिहिला. तिला काय हवं होतं? नाव? बक्षीस? नाही हो! हे कुणाचं ते न कळता नवऱ्यानं एकदा म्हणावं — वा! एवढंच. तो म्हणाला की मग ती सांगणार होती, अहो, मीच ती! सांगून मिळालेला 'वा' तिला नको होता. तशी मानी होती बाई.

काय लिहिलं? नीट ऐका. तिनं लिहिलं — "सगळे विचारताहेत, दार कोण उघडेल. कुणाचं रक्त, कुणाचा मंत्र. मी तिन्ही खंड पुन्हा वाचले. त्या दारानं इतकी वर्षं किल्ला राखला. पण तीन खंडांत एक तरी माणूस त्याच्याशी बोलला का? राजे आले, हुकूम देऊन गेले. बिजागरीला कुणी तेल घातलं नाही, तिची कुरकुर कुणी ऐकली नाही. मला वाटतं दार वारसाची वाट बघत नाहीये. कुणीतरी येऊन 'कशी आहेस' असं विचारावं, याची वाट बघतंय. विचारलं तर उघडेल. नाही का?"

... पेटी थांबवा जरा. कळलं तुम्हाला, हे दार कोण? तुम्हाला कळलं! मग हेमाकांतरावांना? तो तर एका बटणावरून वंशावळ काढणारा माणूस!

संध्याकाळी जेवताना हा उसळला. "बघ, बघ, काय लिहिलंय कुणीतरी! दाराशी म्हणे बोला! हा मूर्खपणा कुणाचा आहे, मी ओळखलाय."

हिच्या हातात पोळी तशीच राहिली. "ओळखलंत? कोण?"

"तो नाशिकचा उलूक! दुसरं कोण?"

उलूक म्हणजे सभेतला याचा हाडवैरी. याच्या प्रत्येक तर्काला फाटे फोडायचा. आणि हेमाकांतराव लागले पुरावे मांडायला — "हे बघ. हे टाकलंय दुपारी दोनला. नोकरदार माणूस दुपारी दोनला लिहील का? उलूक कारखान्यात रात्रपाळी करतो, म्हणून त्याला दुपार मोकळी! दुसरं, बिजागरीला तेल. ही यंत्रावरच्या माणसाची भाषा! आणि तिसरं, शेवटी 'नाही का?' ही नाशिककडची लकब!"

वृंदाताई म्हणाल्या, "असेलही, नाही का?"

"हं," हा म्हणाला, आणि आमटी वाढून घेतली!

अहो, दुपारी दोनला त्या घरात कोण मोकळं असतं? बिजागऱ्यांना तेल कोण घालतं? 'नाही का' कोण म्हणतं? सगळे पुरावे बरोबर हो! एकही चुकीचा नाही! फक्त बोट नाशिककडे. शंभर कोस लांबचा शत्रू दिसला, आणि ताटाशी बसलेली बायको दिसली नाही.

मग काय! खालचा बाण दाबला. खाली शेरा लिहिला — "दाराशी गप्पा मारायला आम्ही अजून वेडे झालेलो नाही." मित्रांना फोन केले, "त्या दाराच्या तर्काला खाली पाडा रे, उलूकाचा आहे." मित्रांनी वाचला का? कशाला वाचतील! न वाचता दाबले. आणि एवढ्यानं भागलं नाही. हात पुढे केला. कुणापुढे?

"वृंदा, तुझा फोन दे. तुझंही एक मत आहे की!"

मंडळी, बाईनं काय करावं? सांगावं? ओरडावं? तिनं पदराला हात पुसले आणि फोन दिला. तिला वाटलं, आता कळेल. आता तरी!

यानं खालचा बाण दाबला. उमटेना! पुन्हा दाबला. उमटेना! शर्टाला पुसून दाबला, अंगठ्यानं दाबला, करंगळीनं दाबला. नियम काय होता? बोला, बोला! — आपल्याच तर्काला बाण देता येत नाही! पुरावा साक्षात तळहातावर! आणि हा तर्कसम्राट फोन उलटसुलट करून म्हणतो काय —

"वृंदा, तुझा फोन बिघडलाय. पिठाचे हात लावतेस ना!"

ती म्हणाली, "राहू दे. माझ्या एका मतानं काय होणार आहे?" ताटं उचलली आणि आत गेली. आत जाऊन नळ सोडला. का सोडला ते बायकांना सांगायला नको. तर्क दुसऱ्या दिवशी खंदकात पडला.

मग आला तो दिवस! रविवार, सकाळची वेळ. चौथा खंड आला. हेमाकांतरावांनी शेवट आधी उघडला. दार कसं उघडलं? कुणाच्या रक्तानं? यांनी मांडलं होतं, सावत्र भावाच्या. उलूकानं मांडलं होतं, अंगठीच्या खड्यानं. आणि पुस्तकात? एक राक्षस आला, त्यानं लाथ घातली, दार पडलं! बस्स! सगळेच चुकले! सभेत असा सुतकी चेहरा केलाय प्रत्येकानं! वृंदाताईंचाही तर्क चुकला बरं का. मी खोटं सांगणार नाही.

आणि त्या सुतकातच पडदा उठला. एकेका तर्काशेजारी नाव उमटलं. हेमाकांतराव आधी धावले खंदकाकडे, उलूकाची फजिती बघायला! उघडून बघतात, तर दाराच्या तर्काशेजारी नाव — सौ. वज्रमुष्टी. आणि त्याच्या खाली लगेच शेरा, "दाराशी गप्पा मारायला आम्ही अजून वेडे झालेलो नाही" — सही, वज्रमुष्टी! सगळी सभा हे नवरा-बायकोचं वाचतेय! आणि त्याखाली ताजं कोण लिहितंय? उलूक! — "वहिनी, पुस्तकातल्या लाथेपेक्षा तुमचा शेवट चांगला होता. मी खंदकात उतरून पुन्हापुन्हा वाचला."

ज्याला शत्रू समजून मारलं, त्यानं 'वा' म्हटलं. आणि ज्याच्या 'वा'साठी लिहिलं होतं, तो? तो खुर्चीत बसून घामाघूम!

उठला. स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. ती कोथिंबीर निवडत होती.

"वृंदा ... अगं, छान होता गं तर्क."

तिनं मान वर केली नाही. "कधीपासून?"

हा म्हणतो, "मला कसं कळणार तू आहेस? नाव कुठे होतं?"

"तुमच्याही तर्काला नव्हतं नाव. मी पहिल्या ओळीत ओळखलं."

मंडळी! एवढं ऐकल्यावर माणसानं काय करावं? पाय धरावेत, निदान खाली बसून कोथिंबीर तरी निवडावी! पण हेमाकांतराव काय म्हणाले माहीत आहे? अगदी बारीक आवाजात, घाबरत-घाबरत विचारलं —

"मग ... तू मला कोणता बाण दिलास? वरचा की खालचा?"

वृंदाताईंनी कोथिंबिरीची जुडी झटकली. म्हणाल्या, "ते गुप्त असतं, अहो."

अजून सांगितलेलं नाही तिनं! तो रोज चहा करून देतो, समोर बसतो, फोन लांब ठेवतो, दोन पानं वाचून दाखवतो. आणि मध्येच विचारतो. ती हसते, पण सांगत नाही. मला विचाराल तर तिनं कधीच सांगू नये!

आता तुमच्याकडे येतो. हसलात त्याला, ना? भरपूर हसलात! मग मला सांगा, हा आत गाभाऱ्यात जो बसलाय, त्याच्यापुढे हात का जोडता? पाटी आहे म्हणून! दत्तमहाराज, असं ठळक लिहिलंय म्हणून! ती पाटी काढली, हार काढला, समई काढली आणि तोच तुमच्या शेजारच्या सतरंजीवर येऊन बसला — तर कोणता बाण दाबाल? तुमच्या घरातच बसला, पोळी वाढत बसला, तर? "हं" म्हणाल!

बोलून भागायचं नाही. सगळ्यांनी डोळे मिटा. मिटा! पलीकडच्या ओळीतले एक डोळा उघडा ठेवून बघताहेत, तुम्हीही. आता उजवीकडे वळा आणि तिथे जो कोण बसला असेल त्याला वाकून नमस्कार करा. कोण आहे ते बघायचं नाही. केला? नीट वाका, कंबर मोडत नाही. ... हां, आता उघडा डोळे.

अरेच्चा कोण म्हणालं? बापटकाका! पाण्याच्या टाकीवरून ज्या तारळेकरांशी तुमचं बोलणं बंद आहे, त्यांच्याच पायाशी वाकलात की! आता कपाळ पुसू नका. तो नमस्कार पोचला, परत घेता येत नाही. तारळेकर, तुम्हीही विचारा त्यांना, कसे आहात म्हणून. विचारा, विचारा, आरती थांबलीय तुमच्यासाठी.