टॉर्च जरा डावीकडे

...आणि वर आमची ही मलाच म्हणाली, "अहो, हलताय कशाला?" आता तुम्हीच सांगा, जिवंत माणूस हलणार नाही तर काय करणार? सकाळपासून शेडमध्ये, बॉनेटखाली मान वाकडी करून, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात पान्यांचा जुडगा, नाकावर एक डास निवांत बसलेला, आणि त्याला हाकलायचं तरी कुठल्या हाताने? पण म्हणायची सोय आहे का? तिचा हात चालू, तोंड चालू, डोकं चालू... आणि मी आपला टॉर्च धरून उभा!

नाही, तुम्ही थांबलाच आहात ऐकायला, तर पहिल्यापासून सांगतो. ही गाडी माझ्या सासऱ्यांची. साडेतीन लाख किलोमीटर पळालेली. दोनातला एक वायपर काम करतो, दुसरा त्याच्याकडे बघत बसतो. मागची दोन्ही दारं आतून उघडत नाहीत, बाहेरून कुणीतरी मेहेरबानी करावी लागते. मागच्या काचा चार बोटं खाली येतात आणि रुसतात. गॅरेजवाल्याकडे नेली तर त्याने बॉनेट उघडलं, आत डोकावला, आणि ऑपरेशनच्या खोलीतून डॉक्टर बाहेर येतात ना, तसं तोंड करून म्हणाला, "साहेब, टायमिंग बेल्ट संपलाय, पाण्याचा पंप गळतोय. या वयाच्या गाडीवर कशाला एवढं करताय? द्या भंगारात."

मी म्हटलं, "बरोबर आहे." एवढंच म्हटलं हो! पण 'भंगार' शब्द ऐकला आणि हिचा चेहरा असा झाला, की मला आधी त्या गॅरेजवाल्याची काळजी वाटली, मग माझी.

कारण सांगतो ना. सासरे गेले तेव्हा भावंडांत वाटण्या झाल्या, कुणी घर घेतलं, कुणी काय. हिने फक्त या गाडीची किल्ली उचलली. डॅशबोर्डच्या खणात अजून त्यांच्या चष्म्याचं घर आहे, त्याला आम्ही कुणी हात लावत नाही. आणि त्या माणसाने जन्मात कधी गाडीला गॅरेज दाखवलं नव्हतं. सगळं स्वतः करायचे, अन् शेजारी टॉर्च कोण धरायचं? ही! फ्रॉक घालायच्या वयापासून. तर गॅरेजवाल्याच्या हातातून किल्ली काढून घेतली आणि म्हणाली, "मी करते."

मी म्हटलं, "तू?"

"का? बाबांच्या शेजारी उभं राहून सगळं पाहिलंय मी."

"अगं, पाहिलंय काय! मी टीव्हीवर हृदयाची ऑपरेशनं पाहतो, म्हणून काय उद्या..." वाक्य पुरं व्हायच्या आत हातात टॉर्च आला. "जरा डावीकडे."

आता हा टायमिंग बेल्ट म्हणजे काय, तर रबराचा दातेरी पट्टा. इंजिनाचं वरचं चाक आणि खालचं चाक एका तालात फिरवतो. बसवताना एक दात चुकला, एकच हं, की आत लोखंडावर लोखंड आपटतं आणि इंजिन गेलंच. मग भंगारवाल्याला बोलवायचीही गरज नाही, तो वास काढत येतो. आणि हे मला तिने कसं सांगितलं? आमटीत मीठ कमी पडलंय, अशा आवाजात! आणि ही पदर खोचल्यासारखी ओढणी खोचून कामाला लागलेली.

पण काम बघत राहावं असं, बरं का! खोटं कशाला बोलू? काढलेला प्रत्येक बोल्ट अंड्यांच्या ट्रेमध्ये, ओळीने, ज्या क्रमाने काढला त्या क्रमाने. खाली एक मोठा बोल्ट होता. तो काही केल्या हलेना. जावई रुसून बसावा तसा बसला होता. मी म्हटलं, "राहू दे, गॅरेजवाल्याला..." तिने पान्याला एक लांब पाइप जोडला, गाडीखाली आडवी झाली, पाय टेकवले, आणि दिला हिसका. खट्ट! बोल्ट सुटला, मी दचकलो, टॉर्च गेला इंजिनातून काढलेल्या पाण्याच्या घमेल्यात. ती खालून म्हणाली, "टॉर्च तेवढा धरता येत नाही का हो?" काढला बाहेर, पुसला, आणि पुन्हा मी आपला टॉर्च धरून उभा!

मग बेल्ट काढायच्या आधी खुणा करायच्या. कंपनीने चाकांवर मूळ खुणा कोरलेल्या असतात म्हणे, पण वर एवढ्या वर्षांचं काळं वंगण, शोधून शोधून दमलो. शेवटी हिने व्हाइटनरने रेघा मारल्या. चाकावर एक, समोर इंजिनावर एक, तसंच खालीही. "या समोरासमोर राहिल्या पाहिजेत, बस्स." बेल्ट काढला, नवा पंप चढवला, हात धुतले. म्हणाली, "चला, जेवून घेऊ, मग नवा बेल्ट."

जेवलो. परत आलो. आणि शेडमध्ये कोण? आमच्या मातोश्री! हातात रॉकेलचा डबा, जुना दातांचा ब्रश. कपाळावर घाम आणि चेहऱ्यावर काय ते समाधान!

"अगबाई, किती घाण होती गं आत! तुम्ही दोघं राबताय, म्हटलं आपण एवढं तरी करावं. कुणीतरी पांढरे डागसुद्धा पाडून ठेवले होते. घासघासून काढले! आणि ते वरचं चाक आहे ना, जरासं फिरवून मागूनही पुसलं."

झालं! खुणा गेल्या, चाक फिरलं, होत्याचं नव्हतं झालं. मी डोळे मिटले, म्हटलं आता महायुद्ध. डोळे उघडून बघतो तर ही सुट्या टायरवर बसलेली. हळूच म्हणाली, "बाबांची गाडी संपवली मी."

तुम्हाला सांगतो, इतक्या वर्षांच्या संसारात मी हिचा असा आवाज ऐकला नव्हता. आई तर बिचारी रडकुंडीला आलेली. "अगं, मला काय ठाऊक..." तर हीच उठली, आईच्या पाठीवरून हात फिरवला. "आई, तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत?" बघा! स्वतःचं काळीज तुटतंय आणि सासूची समजूत काढतेय. मी असतो तर घर डोक्यावर घेतलं असतं. पण मी काय करणार? मी आपला टॉर्च धरून उभा! आणि तोही धड नाही, हात भरून आलेला, टॉर्च कलंडलेला, उजेड भलतीकडेच तिरका...

"हलू नका!"

"नाही गं हलत!"

"अहो, तसाच! तसाच तिरका धरा!"

आणि त्या तिरक्या उजेडात, लखलखीत घासलेल्या चाकावर, केसाएवढी एक रेघ. समोर इंजिनावर दुसरी. कंपनीची मूळ खूण हो! आईने इतक्या वर्षांचा थर काढला नसता तर जन्मात दिसली नसती.

आई पुढे वाकून म्हणाली, "ती होय? ती पण काढणार होते. निघेचना!"

मग काय विचारता! आई खालचं चाक घासायला, ही वर, मी तिरका. खुणा जुळल्या, बेल्ट बसला. मग पान्याने इंजिन हाताने फिरवून बघायचं, कुठे अडतंय का. एक फेरा... आईने डोळे मिटलेले... दुसरा फेरा... कुठेही अडलं नाही. खुणा पुन्हा समोरासमोर. सगळं परत बसवलं, पाणी भरलं, हिने किल्ली फिरवली. घरघर... घरघर... आणि धरलं ना इंजिनाने! ही स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायला लागली आणि रडता रडता हसायला लागली. काय बाई आहे हो! मी त्या इंजिनाकडे बघत नव्हतोच, मी हिच्याकडे बघत होतो.

लगेच चक्कर मारून आलो. आई पुढे, मानाने. मी मागे. परत आलो, दोघी उतरल्या. "आई, तुम्ही घासलंत म्हणून हं!" "छे गं, हात तुझेच!" असं करत करत दोघी गेल्या घरात.

आणि मघाशी सांगितलं नाही का, मागची दारं आतून उघडत नाहीत? म्हणून तर चार बोटं उतरलेल्या काचेतून तुमच्याशी बोलतोय. मघापासून टॉर्च दाखवतोय तो काय गंमत म्हणून? पुढच्या सीटवर उडी मारून गेलो असतो, पण मान अशी वाकडीच राहिलीय. तेवढं बाहेरून जरा दार... थांबा, थांबा, आलीच ती. हातात काय आहे? पाना?

"अगं बाई, तुम्ही आतच आहात होय? बरं झालं, बसा तसेच. आता या दारांचंच काम काढते. टॉर्च आहे ना?"

...आहे. डावीकडेच धरलाय.