लाथ पोचेल एवढ्यावर

दचकलात काय ताई? मागं वाघ नाही बांधलेला, नवरा आहे माझा — घोरतोय. अर्धा किलो मटण ना? हाडासकट तोडते.

खाट मुद्दाम इथं ओढलीय, ओट्याच्या मागं, माझी लाथ पोचेल एवढ्यावर. का म्हणजे? झोपेत श्वास थांबतो त्याचा! डोक्यात वाटाण्याएवढी गाठ झाली होती, तिनं अंग वाढवलं — चाळिशीत कुणाची पावलं वाढतात का? याची वाढली. जबडा पुढं आला, जीभ ही अशी, या कलेजीसारखी जाड. गाठ काढली, पण वाढलेली जीभ थोडीच सगळी ओसरते? डोळा लागला की घशात जाऊन बसते. तोंडाला लावायचं मशीन दिलं होतं दवाखान्यातून — ते त्यानं भिंतीवर आपटलं. मग काय, मशीन मी! घोरणं थांबलं की बरगडीत हाणते. डॉक्टर म्हणाले, हलकेच कुशीवर वळवा. हलकेच! — बाजूला व्हा जरा, हाडाचे तुकडे उडतात.

डॉक्टरांना कळलं अंगठीवरून, बोटात रुतली म्हणून. मला त्याच्या आधीच कळलं होतं, गालावरून. पूर्वी थप्पड मारायचा ती कानापर्यंत यायची. मग नाकासकट अर्धं तोंड झाकायला लागली. दोन दाढा हातात आल्या, तेव्हाच म्हटलं, याचा पंजा वाढलाय. आईला सांगितलं तर म्हणते, रडून रडून तुझंच तोंड लहान झालं असेल! — घ्या. आईच ती.

आता नरम पडलाय. येईल त्याला सांगतो, बायको होती म्हणून जगलो. खरंच आहे की! पण कधी कधी — तुम्हाला म्हणून सांगते — घोरणं छान चालू असतं, तरी हाणते. श्वास अडकला होता, म्हणते. तो बरगडी चोळत म्हणतो, उपकार झाले बाई! हसताय? हसा, हसा.

हं. थांबलं बघा घोरणं. होतं असं, घेतो परत. चरबी ठेवू की काढू?

चरबी, ताई. विचारतेय मी.

अहो, आत कुठं शिरताय? सुरा आहे माझ्या हातात, लागेल. हात लावायचा नाही त्याला — नवरा माझा, लाथ माझी. उचलते ना पाय. उचलते. जरा ऐकू तरी द्या — लग्न होऊन आले तेव्हापासून या दुकानात एवढं शांत —

पैसे राहू द्या. पिशवी उचला. आणि जाताना शटर खाली ओढा.