काळ्याची हद्द

तुम्ही हसाल, पण आमच्या अहमदपूरच्या गल्लीत मेलेल्या कुत्र्याची भाकरी अजून निघते. काळ्या त्याचं नाव. पिठाच्या गिरणीपासून आत सगळी त्याची हद्द. बाजारातली कुत्री गिरणी कधी ओलांडायची नाहीत. शेजारच्या शबानाभाभी मात्र त्याला झाडू घेऊन हाकलायच्या.

काळ्या गेला आणि मला पोरीची काळजी लागली. शाळेतून ती एकटीच चालत यायची.

शेवटी व्हायचं तेच झालं. एका दुपारी बाजारातली कुत्री तिच्या मागे लागली. तिची किंकाळी ऐकून मी आणि भाभी धावलो. पोरगी पळत येऊन मला बिलगली. कुत्री मात्र गिरणीपाशीच थांबली होती. शेपट्या पायांत घालून आमच्या मागे बघत होती.

"ताई, हे कोणाला बघून राहिले?" भाभी पुटपुटल्या.

"मागं वळू नका, भाभी. घरात चला."

दुसऱ्या दिवसापासून भाभीच पहिली भाकरी काळ्याच्या जागेवर ठेवायला लागल्या. परवा मी विचारलं, "खातंय कोण हो ती?"

"कोणीच न्हाई. सांजेपर्यंत तशीच राहते," भाभी हळूच म्हणाल्या. "पण ताई, तिला मुंगीबी लागत न्हाई."